पूर्णविरामाला येणारी मांजर

त्यांना आजोबा म्हणणारे बरेच होते, पण आजोबा होण्याआधी माणसाला जे जे व्हावं लागतं, त्यातलं ते काहीच झाले नव्हते. ना नवरा, ना बाप. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, डोळे अधू झाले तेव्हा निवृत्त झाले आणि थोरल्या बहिणीच्या घरी राहायला आले. बहीण रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. तिच्या चपलांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड अंथरुणात सरळ होत असे. आता वॉर्ड उरला नव्हता. उरला होता एक भाऊ.

"बाळ्या," ताई एकदा केर काढता काढता म्हणाली, "तू दिवसभर खुर्चीत. मी झाडू घेऊन आले की पाय उचलतोस, एवढाच तुझा व्यायाम. त्या मांजरांच्या निवाऱ्यात माणसं पाहिजेत म्हणे. बिनपगारी. तुला छान जमेल. पगार मागायची हिंमत तुला तशीही कधी झाली नाही."

आजोबांनी पाय खाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी निवाऱ्यात गेले. नाही म्हणायला जेवढं बोलावं लागलं असतं, त्यापेक्षा जाणं सोपं होतं.

निवारा म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम. भिंतींत रबराचा वास मुरलेला, त्यावर फिनेलचा थर आणि त्यावर मांजरांचा. पुढच्या बाजूला काचेची मोठी खोली. तिथं कुणीही यावं, मांजर पसंत करावं आणि घरी न्यावं. मागच्या बाजूला एका बोळात लहान लहान खोल्या. त्यांत माणसाला भ्यालेली मांजरं. मागचं मांजर पुढं आणणं हेच तिथलं काम, आणि ते बिनपगारी माणसांनी करायचं. कारभार एक बाई पाहत. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. बाईंच्या एका कानाला कायम फोन असे आणि दुसरा कान माणसांसाठी मोकळा असे.

पहिल्या आठवड्यात आजोबांनी वाडगे धुतले आणि एक फोडला. मग वाळूचे ट्रे साफ करायला घेतले, तर एका ट्रेला एवढा वेळ लागला की निवृत्त बसकंडक्टरनं तो त्यांच्या हातून काढून घेतला. हा कंडक्टर तिथला जुना स्वयंसेवक. बोळातून जाताना मांजरांनासुद्धा "पुढं सरका, पुढं सरका, मध्ये गर्दी करू नका" म्हणत जायचा.

"मास्तर, ही वाळू आहे, सोनं नव्हे," तो म्हणाला. "तुम्ही एकेक कण तपासून बघताय."

तपासणं हाच धंदा होता, असं उत्तर आजोबांना सुचलं; पण सुचलं तोवर कंडक्टर दोन ट्रे पुढं गेला होता.

शेवटी बाईंनी त्यांना मागच्या टोकाच्या खोलीत बसवलं. "आजोबा, तुम्ही इथं नुसतं बसा. हिला माणसाच्या आवाजाची सवय व्हायला पाहिजे. गप्पा मारा तिच्याशी."

"काय गप्पा मारू?"

"काहीही. हवापाणी विचारा."

ज्यांना आयुष्यात शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा जमल्या नाहीत, त्यांनी मांजरीशी त्या कशा माराव्यात? आणि मांजर दिसत तरी कुठं होती! खोलीत एक लाकडी बाक, बाकाखाली अंधार, अंधारात दोन डोळे. करडी होती, डावा कान फाटलेला. कुठल्याशा बंद घराच्या माळ्यावर सापडली होती. आल्यापासून बाकाखालून बाहेर पडली नव्हती.

"ही आमची विनातिकीट," कंडक्टरनं ओळख करून दिली. "बघा कशी सीटखाली दडून बसलीय. तपासनीस आला असं वाटतं तिला प्रत्येक वेळी." त्या विनातिकिटाचं पुढं विनी झालं.

आजोबा तासभर गप्प बसून घरी गेले. दुसऱ्या दिवशी पिशवीत पुस्तक घेऊन आले. बोलता येत नसेल, तर निदान वाचता येईल. पुस्तक मधमाश्या पाळण्यावरचं होतं. फार वर्षांपूर्वी त्यांनीच त्याची मुद्रितं तपासली होती, आणि त्यात राहून गेलेल्या दोन चुका त्यांना अजून झोपेतसुद्धा टोचत.

आता छापखान्यातली एक रीत सांगायला हवी. महत्त्वाचं काम असलं की मुद्रित तपासायला दोघं बसत. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर पेन्सिल धरायची. वाचणाऱ्यानं नुसते शब्द वाचून भागत नसे. विरामचिन्हंही उच्चारावी लागत. स्वल्पविरामाला 'स्वल्प', अर्धविरामाला 'अर्ध', पूर्णविरामाला 'पूर्ण'. आजोबांनी अशी तोंडानं चिन्हं देत देत हजारो पानं वाचली होती. मोठ्यानं वाचायचं ते असंच, दुसरी तऱ्हा त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हती.

"राणी माशी पोळ्यात एकच असते स्वल्प," ते बाकाकडे न बघता हलक्या आवाजात वाचू लागले, "बाकीच्या माश्या तिच्याभोवती असतात पूर्ण."

वाक्य पुरं झालं की श्वास घ्यायला थांबत. थांबलेल्या हाताला काही उद्योग हवा, म्हणून शेजारच्या वाटीतला उकडलेल्या माशाचा एक तुकडा बाकाखाली सारत. यात काही योजना होती असं नाही. योजना करणारा माणूस वेगळा असतो.

पण मांजरीनं योजना ओळखली. आधी तिचा फाटका कान वळला. मग कधीतरी 'पूर्ण' म्हणताच बाकाखालून एक पंजा आला आणि तुकडा ओढून घेऊन गेला. मग नाक आलं, मग मान. एके दिवशी एक भलं मोठं वाक्य आलं. पोळ्यातली घाण माश्या बाहेर कशी टाकतात याचं वर्णन होतं, आणि स्वल्पामागून स्वल्प येत होते. विनी मान बाहेर काढून वाट बघत राहिली. डोळे आजोबांच्या ओठांवर. पूर्णविराम कधी द्यावा हे लेखकाला कळत नव्हतं. मांजरीला कळत होतं. आजोबा वाचता वाचता हसले. आपण हसलो याचंच त्यांना नवल वाटलं.

थंडी सरता सरता ती त्यांच्या मांडीवर येऊन बसू लागली. स्वल्पाला ढिम्म हलायची नाही. अर्धाला कान टवकारायची. आणि 'पूर्ण' म्हटलं की कुठंही असो, खिडकीत असो, बाकाखाली असो, शेपटी उभी करून चालत यायची. मग माशाची वाटी नसली तरी यायची.

हे कुणाला माहीत नव्हतं. बोळातून कुणाची चाहूल लागली की आजोबा आवाज इतका खाली नेत की 'पूर्ण' नुसतं ओठांवर उरे. म्हातारा मांजरीला मधमाश्यांचं पुस्तक वाचून दाखवतो, एवढंच पुष्कळ होतं. स्वल्प-अर्धासकट वाचतो हे कळलं असतं, तर कंडक्टरला वर्षभर पुरलं असतं.

विनीला घरी न्यावं असं त्यांच्या मनात कधी आलं ते त्यांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा ते पुरतं रुजलेलं होतं. आयुष्यात त्यांनी मागितलं असं काही नव्हतं. जे वाढलं गेलं ते खाल्लं. आता पहिल्यांदा काहीतरी हवं होतं आणि त्यासाठी ताईला एक वाक्य विचारायचं होतं.

ते वाक्य ते येता-जाता मनात जुळवत आणि खोडत. 'ताई, आपण एक मांजर आणू या का?' यातलं 'आपण' चूक, घर तिचं. 'ताई, तुझी हरकत नसेल तर...' म्हणजे हरकत घ्यायला आपणच आमंत्रण देणं. 'ताई, एक मांजर आहे.' हे व्याकरणानं निर्दोष, पण यात प्रश्न कुठं आहे? मुद्रितशोधकाला स्वतःचं वाक्य दिलं की असं होतं. छापायला जातच नाही.

"हे बघ, कोटभर केस घेऊन आलायस," ताई दारातच म्हणायची. "डोक्यावर उगवायचे ते राहिले, निदान कोटावर तरी उगवले."

"ताई—"

"काय?"

"काही नाही. घासून काढतो."

"काढ. आणि पायपुसणंही झटक. घरात एक मुकं जनावर पोसतेय, तेवढं पुरे आहे मला."

हे मुकं जनावर कोण ते उघड होतं. पण आजोबांनी त्या थट्टेतून वेगळाच अर्थ काढला: दुसरं चालणार नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं स्वतःच घेतलं आणि ते खोलीत जाऊन ब्रशनं कोट घासत बसले.

एका दुपारी बाई बोळातून जाताना दाराच्या काचेपाशी थबकल्या. आत विनी आजोबांच्या मांडीवर पोट वर करून पसरली होती. बाईंनी फोन कानावरून खाली घेतला. तसं सहसा होत नसे.

"अहो आजोबा! मला बोलला नाहीत ते! ही तर तयार झाली की. उद्याच पुढच्या खोलीत घेऊ तिला."

"इतक्यात... अजून थोडं..."

"अजून काय? पोट दाखवतेय. एवढ्यासाठीच तर बसवलं होतं तुम्हाला." आणि खऱ्या कौतुकानं त्यांच्या खांद्यावर थोपटून बाई गेल्या.

पुढच्या खोलीत विनी पुन्हा विनातिकीट झाली, फळीमागे दडली. आजोबा काचेजवळ स्टूल टाकून बसत. पण तिथं लोक येत-जात, आणि 'पूर्ण' म्हणायचं म्हणजे भर बाजारात गाणं म्हणण्यासारखं होतं. ते नुसते ओठ हलवत. काचेपलीकडे ओठ वाचता येत नसावेत. नाहीतर तेवढ्यानंही ती आली असती.

मग चष्म्याच्या दुकानातली बाई आली. दुकान तिचंच. चाळिशीची, एकटी, बोलताना समोरच्याच्या बटणांकडे बघणारी. उड्या मारणारी पिल्लं तिनं पाहिली आणि सोडून दिली. फळीमागच्या अंधाराकडे बोट करून तिनं विचारलं, "ती कोण?"

"ती जरा लाजरी आहे," बाई म्हणाल्या.

"चालेल. मीपण तशीच आहे."

दुसरं कुणी असतं, हौशी, गडबड्या, मांजराला फ्रॉक घालणारं, तर आजोबांना त्याचा राग धरता आला असता. हिच्यात राग धरायला जागाच नव्हती. बाईंनी आजोबांना पुढं ओढलं. "यांना विचारा. यांच्या मांडीवर लोळते ती. यांनीच माणसाळवलीय."

चष्मेवाली त्यांच्या कोटाच्या बटणाकडे बघत म्हणाली, "आजोबा, तुम्ही तिला कसं बोलावता? म्हणजे, काही खास हाक वगैरे? मला सांगून ठेवा. मी तसंच करीन."

सगळे थांबले होते. बाई थांबल्या होत्या, ट्रे घेऊन निघालेला कंडक्टर थांबला होता. आजोबांच्या तोंडात तो शब्द तयार होता. दोन अक्षरं, त्यांतलं एक जोडाक्षर. 'पूर्ण म्हणतो' एवढंच सांगायचं होतं. मग का, कशासाठी, म्हणजे काय, हे सगळं आलं असतं. कंडक्टरचा जबडा हलू लागला असता. कानाच्या पाळ्या तापल्या असत्या.

"काही नाही," ते म्हणाले. "नुसता बसतो."

लाजेनं गप्प बसले हे खरं. पण त्या लाजेमागं आणखी काहीतरी उभं होतं, आईच्या पदराआड मूल उभं राहावं तसं, अर्धा चेहरा दाखवत. हिला शब्द कळला नाही तर मांजर हिच्याकडे येणार नाही. येणार नाही, तर ही परत आणून देईल. पहिला महिना चाचणीचा असतो. नाही जमलं तर परत. तोवर ताईला विचारता येईल. हे सगळं त्यांनी त्या क्षणी शब्दांत मांडलं नाही. पण मांडलं नाही म्हणून ते नव्हतं असं नाही.

विनीला जाळीच्या पेटीत घातलं तेव्हा ती ओरडली नाही. पेटीच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसली.

पुढचे दिवस आजोबा निवाऱ्यात जात, वाडगे धूत, आणि बाईंच्या फोनकडे कान लावत. चष्मेवाली फोन करायची. विनी कपाटाखाली गेलीय ती गेलीच. चष्मेवाली झोपली की मगच खाऊन घेते. हाक मारली की आणखी आत सरकते.

"बिचारी रडकुंडीला आलीय," बाई म्हणाल्या. "म्हणते, माझं काही चुकतंय का? आजोबा, आठवून बघा ना. तुम्ही काही वेगळं करत होता का?"

हा दुसरा मोका. समोरून चालत आलेला. आजोबांनी वाडगा खळखळून विसळला. "वेळ द्यावा लागतो. त्यांना सांगा, थोडा वेळ द्या."

"तेच सांगितलं मी."

"मास्तरांकडे पोट दाखवायची आणि तिथं तोंड दाखवत नाही," कंडक्टर म्हणाला. "गाडी बदलली की विनातिकीट माणूस बिचकतोच. येईल परत डेपोत."

'येईल परत' हे शब्द आजोबा खिशात घालून घरी गेले. त्या बळावर, ताई चहा गाळत असताना, ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं. न तपासलेलं, कच्चं.

"ताई, मला एक मांजर पाहिजे."

ताईनं गाळणी आपटून रिकामी केली. "मग आण."

आजोबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "इथं. घरी."

"मग काय रस्त्यावर ठेवणार आहेस? थंडीपासून कोटावर करडे केस आणतोयस. मला वाटलं होतं, आज विचारील, उद्या विचारील. म्हटलं, बघू तरी, हा प्राणी आयुष्यात एकदा तोंड उघडतो का."

"तू म्हणालीस, एक मुकं जनावर पुरे आहे."

"अरे, ती थट्टा होती!" ताई कपात चहा ओतायची थांबली. "बाळ्या, तू थट्टेलासुद्धा हुकूम समजतोस? मी आयुष्यभर औषधं वाटली, हुकूम सोडले. दोन्हींची चव मला कळते. ती थट्टा होती."

दुसऱ्या दिवशी आजोबा निवाऱ्याकडे जवळजवळ पळत गेले, म्हणजे त्या वयात पळतात तसे. बाईंना काय सांगायचं ते ठरलं होतं. 'तिला परत बोलवा, मी नेतो.' वाक्य चांगलं होतं. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

बाई दारातच भेटल्या. फोन हातात होता, कानाला नव्हता.

"आजोबा, बरं झालं आलात. विनी पळाली."

चष्मेवालीकडे काल खिडकी बसवायला सुतार आला होता. चौकट काढायची म्हणून तिनं आधी विनीला दुसऱ्या खोलीत बंद करायचं ठरवलं. कपाटासमोर पालथी पडून हाका मारल्या, मासा दाखवला, काठीसुद्धा घालून बघितली. विनी बाहेर आली नाही. मग तिनं विचार केला, कपाटाखाली आहे तर राहू दे, तिथं सुरक्षितच आहे. सुतारानं पहिला हातोडा मारला आणि कपाटाखालून एक करडी रेघ निघाली ती उघड्या खिडकीतून थेट बाहेर.

"त्या म्हणतायत, तुम्ही येऊन हाक माराल का? तुमचा आवाज तरी ओळखेल."

तेव्हा आजोबांनी सांगितलं. भिंतीकडे बघत, एका दमात: छापखाना, दोघांचं वाचन, स्वल्प, अर्ध, आणि तो एक शब्द.

बाई हसल्या. कंडक्टरही हसला. "पूर्ण! अहो मास्तर, मग सांगायचं नाही का? मी बोळातून पूर्ण, पूर्ण म्हणत फिरलो असतो." आणि मग दोघांचंही हसू संपलं. एवढंच होतं ते. एक जांभई द्यायला लागतो तेवढा वेळ. ज्याला भिऊन त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं, ते हसणं इतकं तोकडं निघालं, आणि त्यात दुष्टपणाही नव्हता.

हसू संपल्यावर मात्र बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि पत्ता लिहून दिला.

चष्म्याच्या दुकानामागं, चष्मेवालीच्या घराला लागून, अरुंद गल्ली होती. एका बाजूला मागची दारं आणि कचऱ्याचे डबे, दुसऱ्या बाजूला सायकली दुरुस्त करणाऱ्याची टपरी. चष्मेवाली माशाची वाटी घेऊन उभी होती. डोळे सुजलेले. आजोबांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून वाचायला सुरुवात केली.

"पावसाळ्यापूर्वी पेट्या उंचावर ठेवाव्यात स्वल्प म्हणजे ओल लागत नाही पूर्ण."

"आजोबा, आवाज पोचत नाही," चष्मेवाली म्हणाली.

त्यांनी आवाज चढवला. तो मध्येच चिरकला. सायकलवाल्यानं पाना खाली ठेवला आणि बघत राहिला. वरच्या एका खिडकीतून कुणीतरी विचारलं, "काय विकतायत ते?"

"माश्या निवांत असताना धूर द्यावा अर्ध घाई करू नये पूर्ण!"

पाचव्या की सहाव्या 'पूर्ण'ला डब्यामागून एक मांजर आलं. जाडजूड, पिवळा, गल्लीतलाच बोका. चष्मेवालीनं खाली धरलेल्या वाटीतला मासा त्यानं खाल्ला, मिशा पुसल्या आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसला.

आजोबा वाचत राहिले. गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेले, परत आले. पानं उलटली. आता लाज वाटत नव्हती. लाज वाटायची वेळ मागेच निघून गेली होती. तेवढ्यात ढकलगाडी घेऊन झाडूवाली आली. थोडा वेळ तिनं ऐकून घेतलं.

"मांजर शोधताय का हो?" तिनं विचारलं. "करडं? एक कान फाटका?"

"हो," दोघं एकदमच म्हणाले.

झाडूवालीनं मोठ्या रस्त्याच्या दिशेनं मान हलवली. "सकाळी उचललं मी. ट्रकखाली गेलं असणार. म्हटलं, कुणाचं असेल तर विचारायला येईल कुणीतरी." आणि गाडी ढकलत ती पुढं गेली. तिला अजून दोन गल्ल्या झाडायच्या होत्या.

पिवळा बोका तेवढा तिथंच बसून होता.

चष्मेवालीनं वाटी पायरीवर ठेवली. बराच वेळ ती त्यांच्या कोटाच्या बटणाकडे बघत राहिली. मग तिनं, बहुधा पहिल्यांदाच, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"पूर्ण म्हटलं की ती यायची?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मग?"

आजोबांनी वाक्य शोधलं. "लाज वाटली," ते म्हणाले. हे अर्धंच होतं. पदराआडचं दुसरं त्यांनी तिथंही बाहेर काढलं नाही.

"लाज," ती म्हणाली. "मी कपाटासमोर रात्ररात्र जमिनीवर बसायचे. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. मांजरालासुद्धा नकोशी झाले मी. आवाज बदलून बघितला मी, आजोबा. माझा आवाजच वाईट असेल असं वाटलं मला. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची भीती वाटायला लागली. आणि एक शब्द होता."

ती आत गेली. दाराची कडी लावल्याचा आवाज आला. हळूच लावली होती. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. ताईनं आपल्या कपाटाचा खालचा खण काढून खिडकीजवळ मांडला होता. त्यात परिचारिकेच्या दिवसांतली तिची निळी शाल, चार घड्या करून. शेजारी एक चिनीमातीचा वाडगा, त्यात पाणी.

"कुठंय?" ताईनं त्यांच्या हातांकडे, मागं, दाराकडे पाहिलं. "पेटी कुठंय?"

आजोबा खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. न खोडता, न थांबता. चष्मेवालीला जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं: मांजर परत यावी म्हणून शब्द दडवला, आणि वाटलं, तोवर तुला विचारता येईल. ताई उभ्यानंच ऐकत होती, वॉर्डात डॉक्टरांचं ऐकायची तशी, हात पोटाशी जुळवून.

"असे पेशंट असायचे," ती शेवटी म्हणाली. "कुठं दुखतंय ते सांगायचेच नाहीत. लाजायचे. आम्ही समजायचो, बरा आहे." तिनं वाडगा उचलला आणि त्यातलं पाणी मोरीत ओतलं. "तुझं न बोलणं तुलाच भोवलं असतं ना बाळ्या, तर मी काही म्हटलं नसतं. आजवर म्हटलं नाहीच."

मग तिनं शाल झटकून खांद्यावर टाकली आणि खण परत कपाटात बसवायला लागली. खण जुना होता, अडकत होता. आजोबा मदतीला उठले, पण तोवर तो आत गेला होता.

दुसऱ्या दिवशी ते निवाऱ्यात गेले नाहीत. ताई झाडू घेऊन आली. त्यांनी पाय उचलले. ताईनं खुर्चीखालचा केर काढला, आणि काही बोलली नाही.